नवव्या ग्रीनवरची हरळी

सकाळचे सहा वाजले असतील. समोरच्या हिरव्यागार वर्तुळावर एक पन्नाशीचा माणूस पँट पोटरीपर्यंत दुमडून, अनवाणी, डोळे मिटून चालत होता. दर दोन पावलांनी थांबायचा, टाच दाबून बघायचा, मान हलवायचा आणि पुढे सरकायचा. मला वाटलं हा झोपेत चालतोय. हाक मारावी की न मारावी या विचारात मी वर्तुळाच्या काठावर एक पाय ठेवला, तोच तो डोळे न उघडता मराठीत म्हणाला,

"जोडे काढ. नाई तर आल्या पावली वापस जा."

जॉर्जियातल्या एका गोल्फ क्लबावर, अमेरिकेत येऊन मला जेमतेम दोन आठवडे झालेले असताना, हे वाक्य ऐकून मी जागच्या जागी थिजलो. मग जोडे काढले.

"मोजे बी."

मोजे काढले. पायाखाली थंडगार, ओलं, मखमलीसारखं काहीतरी लागलं. मी शेतकी कॉलेजातला पदवीधर. वाकून पानं चिमटीत धरली, पेर पाहिलं, आणि तोंडातून निघून गेलं, "अहो, ही तर हरळी!"

"मंग? केशर वाटलं काय तुले?"

हे आमचे भाऊ. मूळचे वर्धेकडचे. साठच्या दशकात शिष्यवृत्तीवर शिकायला आले, डॉक्टरेट अर्धी सोडली आणि या क्लबाच्या गवताचे सर्वाधिकारी झाले. डॉक्टरेट अर्धी राहिली तरी कामावरची माणसं त्यांना 'डॉक' म्हणत. मी भाऊ म्हणायचो. माझ्या प्राध्यापकांनी फोन करून मला त्यांच्या हाताखाली चिकटवलं होतं. इथल्या विद्यापीठातला माझा विषय होता गवत. घरी पत्र लिहिताना मला त्याची लाज वाटे, म्हणून मी 'पीकशास्त्र' असं लिहीत असे. बरोबरीचे मित्र पार्सिपनीला कॉम्प्युटरपुढे बसले होते. मी आमच्या शेतातलं सगळ्यात नतद्रष्ट तण वाढवायला सात समुद्र ओलांडून आलो होतो.

त्या पहिल्या धक्क्यातून सावरायला मला महिना लागला. आमच्याकडे हरळी म्हणजे शेताला लागलेली कीड. खणा, उपटा, जाळा, पुढच्या वर्षी पुन्हा हजर. आणि इथे तिला रोज सकाळी पाव इंचाहून कमी उंचीवर कापायचं, तिच्यावर चाळलेली वाळू पसरायची, तिला ताप आल्यासारखं दुपारी पाणी फवारून गार करायचं. अर्थात ही साधी हरळी नव्हती. "हे हरळीची लेक हाय," भाऊ सांगत. "आफ्रिकेतल्या बारीक गवताशी सोयरीक करून काढलेली. बी धरत नाई. म्हनून हिची काडीच लावा लागते, उसाच्या बेण्यासारखी. आन साधी हरळी एकदा का हिच्यात शिरली, की ते हिले खाऊन टाकते."

म्हणून त्यांचा एकच धर्म होता: बाहेरचं गवत आत येता कामा नये. शेडच्या दारात पाण्याची परात असे. त्यात जोडे धुतल्याशिवाय कोणी पुढे जायचं नाही. यंत्रांची चाकं धुवायची. गवत कापायच्या यंत्राची पाती ते स्वतः दातांच्या जुन्या ब्रशने घासत. एकदा क्लबाचे अध्यक्ष, हे गावातले दातांचे डॉक्टर होते, शेडमध्ये आले आणि सरळ आत निघाले. भाऊंनी त्यांना परतवून परातीत उभं केलं. पांढरे कातडी जोडे, तीनशे माणसांच्या क्लबाचा अध्यक्ष, आणि घोट्यापर्यंत पाणी. मी यंत्रामागे लपून हसलो. अध्यक्ष हसले नाहीत.

स्वतः भाऊंनी गोल्फची काठी कधी हातात धरली नाही. "खेळनाऱ्याले गवत दिसत नाई, त्याले भोक दिसते," म्हणत. जमिनीतल्या किड्यांचा संशय आला की चौकोन आखून त्यावर साबणाचं पाणी ओतायचे आणि घड्याळ लावून उकिडवे बसायचे. तीन मिनिटांत किडे वर येत. ते मोजताना त्यांना कोणी हाक मारलेली चालत नसे. एकदा क्लबाच्या हिरवळीवर कुणाचं तरी लग्न लागत होतं आणि पन्नास पावलांवर हा माणूस पाठ करून फेसाकडे बघत बसला होता. लग्नाच्या फोटोत तो आलाय म्हणतात.

शेडच्या भिंतीवर पावसाच्या नोंदींचा तक्ता आणि शेजारी निळ्या सुटातल्या, गोल चष्म्यातल्या माणसाचा फोटो. सकाळी आल्या आल्या भाऊ त्याला 'जयभीम' म्हणत आणि मग तक्ता भरत. एका कामगाराने विचारलं, "डॉक, तुमचे वडील?" भाऊ थोडा विचार करून म्हणाले, "हो. तेही."

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. टाळत होतो, पण इलाज नाही.

गावात पाच-सहा मराठी कुटुंबं होती. एका प्राध्यापकांच्या घरी गणपती बसे. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, फार मायाळू; आम्हा एकट्या पोरांना शनिवारी जेवायला बोलवत. माझ्या दुसऱ्या वर्षी, गणपतीच्या महिनाभर आधी त्या म्हणाल्या, "अरे, तू तर गवतातच असतोस. दुर्वा आणशील का? रस्त्याकडेची नको बाई. कुत्री, पेट्रोल, काय काय. चांगल्या स्वच्छ जागेतली आण."

दुर्वा म्हणजे हरळीच, पण गोल्फच्या ग्रीनवरची, म्हणजे भोकाभोवतीच्या त्या कापीव वर्तुळावरची, मिळणं शक्यच नव्हतं. तिला रोज इतकी खाली कापत होतो की तीन पानांची काडी सुटायची सोयच नव्हती, शिवाय तिच्यावर कीटकनाशकांचे फवारे. मग मला एक युक्ती सुचली. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या आपत्तींची सुरुवात याच वाक्याने होते. मी हमरस्त्याच्या चरातून साध्या हरळीचं एक कोबीच्या गड्ड्याएवढं ढेकूळ खणून आणलं, घरी बादलीत धुतलं, आणि पंप-हाऊसच्या मागे लावलं. तिथे फवारा नाही, कुत्रं नाही, माणूस नाही. पाणी आपोआप मिळणार. कारण पंप-हाऊसला लागूनच आमची नर्सरी होती.

नर्सरी म्हणजे त्या हरळीच्या लेकीचं माहेर. क्लबावरचा एखादा ग्रीन खराब झाला की तिथून बेणं काढून लावायचं. भाऊंचा जीव त्या चौकोनात होता.

दुर्वा झकास फुटली. मी जुड्या बांधून दिल्या. काकू खूश. "अगदी स्वच्छ जागेतली आहे," मी ऐटीत सांगितलं. "तिथे कोणाचा हातसुद्धा लागत नाही." काकूंनी मला मोदक जास्त वाढले. मग परीक्षा आल्या, थंडी आली, सगळी हरळी वाळून तांबूस झाली आणि मी ते ढेकूळ साफ विसरलो.

ढेकूळ मला विसरलं नाही.

वसंतात नवव्या ग्रीनखालचा निचरा बंद पडला. पाणी तुंबून मुळं कुजली. तो अख्खा उकरून नव्याने लावायचा ठरला. कमिटी म्हणाली, बाहेरून तयार गवताचे गालिचे आणू. भाऊ बैठकीत उभे राहिले. बाहेरचं गवत काही झालं तरी येणार नाही, मी माझ्या नर्सरीतून लावतो, आणि नवव्यावर दुसऱ्या गवताचं एक पान दिसलं तर त्या दिवशी मी काम सोडून जाईन, असं सगळ्यांसमोर बोलले. बोलले म्हणजे ते होणार. हा माणूस एकदा 'आज जेवणार नाही' म्हणाला होता आणि खरंच जेवला नव्हता. कारण काय होतं ते तो स्वतःही संध्याकाळपर्यंत विसरला होता.

एरवी बेणं काढण्याआधी ते नर्सरीवर अनवाणी फिरत. "पायाले समजते, डोळ्याले नाई." पण त्याच महिन्यात त्यांच्या उजव्या पावलाची शस्त्रक्रिया झाली होती आणि पाय प्लास्टरमध्ये होता. खुर्चीत बसून ते मला म्हणाले, "यंदा माहे पाय म्हंजे तू. नर्सरी पाहून ये."

मी पाहून आलो. दोन-तीन जागी पानं जरा रुंद वाटली. खत जास्त पडलं असेल असं मी स्वतःला समजावलं, कारण जेवायची वेळ झाली होती.

"स्वच्छ?"

"स्वच्छ."

"बस्स मंग."

जूनमध्ये काड्या लावल्या. रोज चार वेळा पाणी. आठ आठवड्यांत नववा ग्रीन असा भरला की बघत राहावं. आणि ऑगस्टच्या एका सकाळी मी त्यावर यंत्र फिरवत असताना मला एक चकदळ, वेगळ्याच गवताचा पुंजका, दिसलं. राखाडी झाक असलेलं, खरखरीत, रुंद पानाचं. पुढे आणखी एक. पुढे पाच. मी गुडघ्यावर बसलो. पेर ओळखीचं होतं. मी ते बादलीत धुतलं होतं.

पंप-हाऊसच्या मागे जाऊन पाहिलं, तर माझ्या दुर्वेचे धावते दोरे जमिनीलगत सरळ नर्सरीत शिरलेले. मी पाहायला गेलो होतो तेव्हाही ते तिथेच होते. मला माझ्या पायांच्या दर्जाचा पुरता अंदाज आला.

शहाण्या माणसाने त्याच वेळी भाऊंकडे जाऊन सांगितलं असतं. मी दुसरी युक्ती काढली. दुपारी सगळे जेवायला गेले की मी स्वयंपाकघरातली सुरी घेऊन नवव्यावर रांगायचो. एकेक चकदळ कापून काढायचं आणि सरावाच्या ग्रीनच्या कडेचा तुकडा त्या खड्ड्यात बसवायचा. तीन दिवस हा उद्योग चालला. एकदा दोन बायका खेळत तिथवर आल्या आणि मी चार पायांवर. "काय हरवलं?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, कॉन्टॅक्ट लेन्स. मी चष्मा लावलेला होता. त्यांनी बिचाऱ्यांनी दहा मिनिटं शोधायला मदत केली.

चौथ्या दिवशी भाऊंच्या पायाचं प्लास्टर निघालं. डॉक्टरकडून ते थेट नवव्यावर आले. जोडे काढले, उजव्या पावलाची पट्टी सोडली, डोळे मिटले. मी काठावर उभा होतो. सातव्या पावलाला ते थांबले.

"इथी कोनं शिवन घातली?"

दोन पावलं. "इथी बी." आणखी तीन. "आन हे काय हाय?" त्यांनी वाकून, माझ्या नजरेतून सुटलेलं एक चकदळ चिमटीत धरलं, खिशातल्या चाकूने मुळासकट काढलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शेडकडे चालू लागले. जोडे तिथेच राहिले. ते मी उचलले आणि मागून गेलो.

शेडमध्ये ते खताच्या पोत्यावर बसले. मी सगळं सांगितलं. हमरस्ता, बादली, काकू, सुरी, कॉन्टॅक्ट लेन्स. ओरडतील, हाकलतील, यंत्राचा पाना फेकून मारतील, या सगळ्याची मी तयारी केली होती.

"पंप-हाऊसच्या मागं?" ते म्हणाले. "तू रोज तिकडं जाय ते मले माहीत होतं. मले वाटलं सिगरेट प्यायला जाते. आन तिथं एक ढेकूळ हिरवं दिसे. म्या म्हनलं नर्सरीतलीच काडी पडून फुटली असन. म्या तर दुपारचं पानी बी मारत होतो त्याच्यावर." मग चकदळ बोटांत फिरवत, "गनपतीले?"

"हो."

"गंमत हाय." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "आमच्या गावी पाटलाच्या वावरात माहा बाप हरळी काढे. हातानं. कुदळीनं मुळी तुटते आन एकीच्या दोन होते. बांधाच्या धुऱ्यावर ढीगच्या ढीग. म्या सहा-सात वर्षांचा असन. गनपतीच्या दिवशी पाटलाचा पोरगा दुर्वा पाहत आला. म्या पयत गेलो, ढिगातली कवळी कवळी निवडून त्याले देल्ली. त्यानं ते फेकून देल्ली. मंग तिथंच, हातभर अंतरावरची, सोताच्या हातानं तोडली आन गेला. म्या तिथं खणून पाहिलं रे. त्यानं तोडली ते आन म्या तोडली ते, खालून एकच मुळी होती."

हातातलं चकदळ त्यांनी उलटं करून मुळांकडे पाहिलं.

"तवापासून मले पाहाचं होतं, या गवतात असं हाय तरी काय. म्हनून शिकलो. बाकी काई नाई."

मी उभाच होतो. माझ्या कानात माझंच वाक्य घुमत होतं: तिथे कोणाचा हातसुद्धा लागत नाही. वर्षभर या माणसाचा हात लागत होता, आणि मी मोदक खाऊन आलो होतो. इतकंच सुचलं की त्यांचे जोडे माझ्या हातात आहेत. ते मी त्यांच्या पायाशी ठेवले.

"उद्या कमिटीपुढं जातो," ते म्हणाले. "बोललो होतो, म्हनून जा लागते."

दुसऱ्या दिवशी ते कमिटीपुढे गेले. मीही गेलो. भाऊंनी टेबलावर ते चकदळ ठेवलं आणि इंग्रजीत सांगितलं: नवव्यावर दुसरं गवत आहे. नर्सरी माझी, चूक माझी. मी बोललो होतो त्याप्रमाणे काम सोडून चाललो.

अध्यक्षांनी ते चकदळ टोकाला धरून उचललं, खिडकीकडे धरलं आणि हसले. "डॉक, अहो हे गवत आहे. नुसतं गवत. तुमच्याशिवाय हे कोणाला दिसणार?"

माझा जीव भांड्यात पडला. भाऊंकडे पाहिलं, तर त्यांचा चेहरा पांढरा झालेला. चुकीमुळे जो माणूस हलला नव्हता तो या एका वाक्याने पोत्याला टेकून बसावा तसा मागे रेलला. मला कळलं की आता हा खरंच जाईल. आधी शब्दाखातर जात होता; आता मनातून उठला होता.

म्हणून मी बोललो. चूक माझी, असं म्हणालो, आणि कारण विचारल्यावर कारणही सांगितलं.

"देवासाठी?" अध्यक्ष म्हणाले.

"हो. हत्तीचं तोंड असलेल्या."

"तो गवत खातो?"

"नाही. त्याला ते आवडतं."

अध्यक्षांनी ते चकदळ टेबलावर परत ठेवलं. मग अध्यक्ष भाऊंकडे वळले. "डॉक, या माणसाला आजच्या आज काढा."

"याले?" भाऊ चुकून मराठीत बोलले, मग इंग्रजीत आले. "याला काढलं तर मुळ्या कोण काढणार? हे गवत हाताने निघतं. यंत्राने निघत नाही. यानेच काढायचं, गुडघ्यावर बसून. मी बाजूला बसणार. शेवटची मुळी निघाली की मी जाईन. त्याआधी नाही."

अध्यक्षांना वाटलं, महिन्याभराचं काम. त्यांनी मान डोलावली. शेती न केलेला माणूस होता.

माझ्या डोक्यात मात्र हळूहळू उजेड पडला. हरळीची शेवटची मुळी! मी भाऊंकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

त्या दिवसापासून हिवाळ्यापर्यंत रोज मी आणि भाऊ नवव्यावर बसलो. त्यांनी गावाहून आणलेलं खुरपं मला दिलं. माझे गुडघे फुटले. ते शेजारी बसून सांगत, "वढू नको. सैल कर, मंग वढ. अशानं तुटते." मक्याच्या पिठाची भाकर आणि ठेचा तिथेच काठावर खायचा. ऑक्टोबरची मोठी स्पर्धा त्या ठिगळांवरच पार पडली आणि अध्यक्षांचा चेंडू नवव्यावर सरळ भोकात गेला. त्यांनी भाऊंना टोपी काढून हात केला. भाऊंनी ठिगळाकडे पाहिलं. काकूंना मी त्या वर्षी सांगितलं की दुर्वा मी नाही आणणार, आणि का ते सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "अरे, आणि मी तुला जास्त मोदक वाढले."

माझा अभ्यास संपला, मी तिथेच भाऊंचा साहाय्यक झालो. पुढच्या वर्षी अकरा चकदळं निघाली. त्याच्या पुढच्या वर्षी दोन. आणि तिसऱ्या वर्षी, जुलैत, मी नववा ग्रीन इंचाइंचाने पालथा घातला. काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. एक पान नाही. हरळी संपली, ही बातमी ऐकून आनंदाने नाचणारे लाखो शेतकरी मला माहीत आहेत. मला मात्र दरदरून घाम फुटला. उद्या भाऊंच्या पायाला हे कळणार. मग ते फोटो उतरवणार, खुरपं पिशवीत घालणार आणि चालू लागणार.

मला पुन्हा एक युक्ती सुचली.

भर दुपारी मी हमरस्त्याच्या त्याच चरात उतरलो, चार बोटं हरळी उपटली आणि नवव्याच्या पार मागच्या कडेला नेऊन लावली. हाताने दाबली. वर वाळू भुरभुरवली. कसब पाहून माझं मलाच कौतुक वाटलं.

सकाळी भाऊ आले. पँट दुमडली, डोळे मिटले. मी काठावर उभा. मधला भाग झाला, डावी बाजू झाली. मागच्या कडेला ते थांबले. टाच दाबली. खाली बसले आणि चाकूने ती काडी अलगद मुळासकट वर काढली. नववा ग्रीन खालपर्यंत पांढऱ्या वाळूचा. त्या मुळांना चरातली लालभडक माती चिकटलेली होती. त्यांनी ती बोटांवर चोळली. मग माझ्या हातांकडे पाहिलं. नखांत तीच माती.

मी कसाबसा म्हणालो, "शेवटची म्हणायची का भाऊ?"

त्यांनी ती काडी शर्टाच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं.

"शेवटची कशी असन? एक निघाली म्हंजे दुसरी असतेच. पाहत राहा लागते." दोन पावलं चालून ते थांबले, माझ्या जोड्यांकडे बोट केलं. "काल चरातून येताना हे परातीत धुतले होते काय?"

मी विसरलो होतो.

"जाय," ते म्हणाले, "आधी धुऊन ये."